कापसाच्या खोलीत भुलाबाई

माझ्या माहेरी, वडनेर भोलजीला, घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. तिला आम्ही कापसाची खोली म्हणायचो. दिवाळीच्या आगेमागे तिच्यात कापूस यायला लागायचा, पार आढ्यापर्यंत भरायचा, आणि उन्हाळ्याच्या आत गाड्यांत बसून खामगावच्या बाजाराला निघून जायचा. मग कितीतरी महिने खोली रिकामी. पण अगदी रिकामी तरी कशी म्हणू? मातीच्या खडबडीत भिंतींना कापसाचे पुंजके चिकटून राहिलेले असायचे, आणि दार उघडलं की त्यातले एकदोन सुटून हवेत तरंगू लागायचे. सकाळ-दुपार एकुलत्या एका खिडकीतून उन्हाची तिरीप आत यायची. पुंजका तिच्यात शिरला की लख्ख उजळायचा, बाहेर पडला की दिसेनासा व्हायचा. लहानपणी कामं चुकवून मी हा खेळ बघत बसायची आणि मायच्या शिव्या खायची.

दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा मायनं माझी बाज त्या खोलीत टाकली. कारण विचारायची गरज नव्हती. आधीचं माझं मूल मधल्या खोलीत झालं होतं. ते रडलंच नाही. सुईणीनं उलटंपालटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, पाणी शिंपडलं, पण ते काही रडलं नाही. त्या दिवसापासून मधल्या खोलीला मायनं कडी लावली ती लावलीच. घरात जागा पुरत नव्हती, जोंधळ्याची पोती पडवीत ठेवावी लागायची, पण त्या कडीला कोणी हात लावत नव्हतं. बा सुद्धा नाही.

त्या पहिल्या वेळी मायनं काय काय करून ठेवलं होतं म्हणता! लाल कुंची, तिला पिवळी किनार. इवल्या इवल्या दुपट्यांची चळत. पाळणा धुऊन, तेल लावून, आढ्याला टांगून तयार, आणि त्यावर चिंध्यांच्या चिमण्यांचा झुबका. येईल त्या बाईला ती हाताला धरून नेऊन दाखवायची. नंतर पाळणा तेवढा ठेवून बाकी सगळं तिनं एका गाठोड्यात बांधलं आणि नदीला सोडून आली. येऊन चुलीपुढं बसली आणि म्हणाली, ''मी लई हावरेपणा केला. माह्याच डोळ्याची नजर लागली.''

म्हणून दुसऱ्या खेपेला घरात एक टाका घालायची चोरी. पाळणा माळ्यावर. बाळंतविडा, झबली, टोपडी, काही म्हणजे काही नाही. बाळ हा शब्दसुद्धा घरात उच्चारायचा नाही. मायला काही विचारायचं असलं तर ती 'तुह्या पोटातलं' एवढंही न म्हणता नुसती मान हलवून विचारायची. मी काही बोलायला गेले की तिचं ठरलेलं, ''बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी. चूप बस.''

मी चूप बसणारी बाई नाही. आजही नाही, माझ्या सुनांना विचारा. पण तेव्हा बसले होते, कारण मलाही भीती वाटत होती. फक्त माझी भीती मायच्या उलटी होती. दुपारभर बाजेवर पडून त्या मळकट भिंतींकडे बघताना माझ्या मनात एकच यायचं. आपल्यासाठी कोणी काहीच केलेलं नाही, कोणी वाटच बघत नाही, असं वाटून हेही परत फिरलं तर? मायला वाटे, तयारी केली म्हणून गेलं. मला वाटे, तयारी केली नाही तर जाईल. दोघी एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो.

भादवा लागला आणि माझ्या धाकट्या बहिणीनं घर डोक्यावर घेतलं. ती परकरी पोर, गल्लीतल्या मुलींची म्होरकी. तिला भुलाबाईचे वेध लागले होते. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेला मुली भुलाबाई मांडतात, ती कोजागरीपर्यंत बसते. भुलाबाई म्हणजे पार्वतीच, पण देव्हाऱ्यातली नव्हे. ही सासरहून माहेरी आलेली, आणि आलेली तीसुद्धा बाळंतपणाला. तिला ना भटजी लागतो ना मंत्र. मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या, आणि शेवटी घरच्या बाईनं झाकून आणलेली खिरापत ओळखायची. ओळखली की खायची.

''यंदा भुलाबाई कुठं मांडू व?'' बहिणीनं विचारलं.

मी बाजेवर उठून बसले. ''इथं मांड,'' म्हटलं. ''कापसाच्या खोलीत. आन् तिच्यासाठी खोली रंगवू आपण. ती बाळंतपणाले आली ना? मग तिले बाळंतिणीची खोली नको?''

बहिणीनं आधी दाराबाहेर डोकावून घेतलं. मग म्हणाली, ''मायले काय सांगशील?''

''भुलाबाईची खोली हाये म्हणून सांगीन. खोटं काय त्याच्यात?''

खोटं काही नव्हतंच. भुलाबाईचं माहेर काढायचं असं आम्ही ठरवलं. चारी भिंती. बा नांदुऱ्याच्या बाजाराला गेला तेव्हा त्याला नीळ आणायला सांगितली. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही, फक्त सांगितल्यापेक्षा जास्त आणली. चुना घरात होता, गेरू होता, हळद होती.

पहिल्याच दिवशी फजिती. भिंत आधी झाडून घ्यावी हे दोघींनाही सुचलं नाही. कापसाच्या पुंजक्यांवरूनच चुना फासला, आणि ते पुंजके ओले होऊन गोळ्यागोळ्यांनी भिंतीला जे बसले ते खरवडून निघेनात. माय दारातून जाता जाता म्हणाली, ''भिंतीले देवी आल्या का?'' मला असा राग आला! पण दुपारी चुना वाळला, तिरीप त्या भिंतीवर पडली, आणि बाजेवर पडल्या पडल्या मला दिसलं की ते ढग आहेत. पाऊस सरत आला की आमच्याकडे जसे पांढरे, सुटे सुटे ढग आभाळात हिंडतात, तसे. मग आम्ही त्यांच्यामधून निळीचा हात फिरवला आणि आभाळ झालं.

आभाळाखाली डोंगर पाहिजे. बहीण म्हणाली, भुलाबाईचा बाप हिमालय. आता हिमालय आमच्यापैकी कोणी पाहिला होता? मी तर वडनेर, सासरचं पिंपळगाव राजा आणि वर्षातून एकदा शेगाव, एवढंच जग पाहिलेली. शाळेत भिंतीवर मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकाशा होता, त्यातही हिमालय नव्हता. म्हणून सातपुडा काढला. तो उघाडीच्या दिवशी उत्तरेला आमच्या गच्चीवरून दिसायचा, निळा आणि झोपलेला. सातपुड्याखाली नदी, नदीखाली जोंधळ्याचं शेत, आणि अगदी खाली जमिनीलगत खरीखुरी काळी माती कालवून तिचा पट्टा. मला वाकता येत नव्हतं, म्हणून मी खाली फतकल मारून बसायची आणि काळी माती लिंपायची. बहीण बाजेवर चढून आभाळ सांभाळायची.

जोंधळ्यावर पोपट हवेत म्हणून तिनं निळीत हळद कालवली आणि तशाच ओल्या चुन्यावर लावली. चुन्याला हळद लागली की काय होतं ते कुंकू लावणारी कुठलीही बाई सांगेल. पोपट तांबडे झाले. बहीण रडायच्या बेतात. मी म्हटलं, ''राहू दे. माहेरचे पोपट तांबडेच असतात.'' बा संध्याकाळी शेतातून आला, खोलीत डोकावला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ''पाखरं इतकी अन् राखणीले कोणी नाही? कणसं काय उरतीन?'' म्हणून मग शेतात एक माळा काढला आणि त्यावर गोफण घेतलेला बा काढला. त्याचं नाक जरा मोठं झालं, पण होतंच ते मोठं.

ते दिवस आठवले की मला ते जागेपणी जगल्यासारखे वाटतच नाहीत. दुपारी बहीण शाळेत, माय शेतात, घर शांत. मी बाजेवर पडलेली. ओल्या चुन्याचा वास, खिडकीबाहेर कुठंतरी होला घुमतोय. डोळे मिटत आले की नदी हलायला लागायची. तांबडे पोपट एका भिंतीवरून उठून दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसायचे. पोटात ते फिरायचं, हळूच कूस बदलायचं, आणि मला वाटायचं की त्यालाही हे दिसतंय. मी त्याला सांगायची, हे बघ, हा तुझा आजा, हा सातपुडा, ही नदी. सगळं आहे. ये.

पुनवेच्या आदल्या दिवशी माय खोलीत आली. रंगाला हात घातल्यापासून ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. ती चारी भिंतींपुढून फिरली. गोफणवाल्यापुढं क्षणभर थांबली, हसू आलं ते तिनं गिळलं.

''हे कोणाचं?'' तिनं विचारलं.

''भुलाबाईचं.''

''भुलाबाईचंच ना?''

''हाव.''

ती निघून गेली. मला वाटलं, आता पाण्याची बादली आणून सगळं धुऊन काढते की काय. ती परत आली ती बोटावर तव्याची काजळी घेऊन. सातपुड्याच्या एका टोकाला तिनं बोट टेकवलं आणि काळा ठिपका उठवला, पोराच्या गालावर तीट लावतात तसा. ''लई साजरं झालं,'' ती म्हणाली. ''साजऱ्याले नजर लागते.'' आणि माझ्याकडे न बघता गेली. मी त्या ठिपक्याकडे बघून पोटभर रडले.

भुलाबाई कोनाड्यात बसली. रोज दिवे लागायच्या सुमाराला मुलींची फौज येऊन खोली दणाणून सोडायची. मायच्या खिरापतीचा गावात बोलबाला होता. ती डबा पदराखाली धरून आणायची, भुलाबाईपुढं ठेवायची, मग म्हणायची, ओळखा. मुली विचारणार, गोड का तिखट? खारट का आंबट? काही बाया मुद्दाम चुकीचं सांगून मुलींना चकवायच्या, म्हणून आमच्या मुलींनी एक नियम काढला होता. सगळ्या एकदम ओरडायच्या, ''चाखून सांगा!'' मग घरच्या बाईनं झाकण जरासं किलकिलं करून, तिथल्या तिथं चिमूटभर तोंडात टाकायचं आणि खरं काय ते सांगायचं. चाखल्यावर खोटं बोलायचं नाही. माय हा नियम काटेकोर पाळायची.

भुलाबाई बसून थोडेच दिवस झाले होते. पहाटे माझ्या कळा सुरू झाल्या. सुईण आली, शेजारची काकू आली. काकू कोनाड्याकडे बोट दाखवून म्हणाली, ''अवं बाई, हिले हालवा इथून. बाळंतिणीच्या खोलीत देव?''

माय पाणी तापवायला निघाली होती. ती वळली. ''राहू द्या तिले,'' म्हणाली. ''ती काय दुसऱ्या कामासाठी आली?''

मला त्या सकाळचं फारसं आठवत नाही. उन्हाची तिरीप आठवते. ती आधी सातपुड्यावर होती, मग नदीवर आली, मग जोंधळ्यावर. ती काळ्या मातीवर पोचली तेव्हा कोणीतरी रडलं. मी नव्हते. सुईण हसत होती. ''पोरगी हाये व, पाह्य कशी बोंबलून राह्यली!'' मी मायकडे बघितलं, तर माय तिथं नव्हती. ती दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी होती.

सोयर लागलं. मायची खिरापत बंद झाली, पण मुलींनी भुलाबाईला सोडलं नाही. त्या खिडकीबाहेर अंगणात उभ्या राहून गाणी म्हणायच्या. आत शेगडीवर ओवा आणि शेपा टाकलेला, त्या धुरात ढग, डोंगर, पोपट सगळं तरंगत असायचं, आणि बाहेरून गाणी यायची. पोर माझ्या कुशीत मुठी आवळून झोपलेली. काकूच्या नातवंडांची जुनी, विटलेली झबली तिच्या अंगात. नवं काही नाही. नव्याला मायची मनाई होती.

माय पोरीचं सगळं करायची. तेल लावायची, न्हाऊ घालायची, धुरी द्यायची. तिच्यासारखे हात गावात नव्हते. पण तोंड दुसरीकडे. पोरीच्या चेहऱ्याकडे ती बघायची नाही, तिला 'गाठोडं' म्हणायची. ''ते गाठोडं इकडं दे.'' काकूनं एकदा पोरीचा मुका घेतला तर मायनं तिला अशी झापली की काकू रुसून बसली. बारसं झालं, नाव ठेवलं, तरी मायच्या तोंडी गाठोडंच.

एक दिवस माझा बांध फुटला. ''एकदा तरी पाह्य ना तिच्याकडे!'' मी ओरडले. ''तुही नात हाये. काऊन अशी करून राह्यली?''

माय पोरीचे लंगोट घडी करत होती. ती घडी करतच राहिली. ''मांगं पाह्यलं होतं,'' ती म्हणाली. ''डोळे भरून पाह्यलं होतं.''

मागचं मूल सुईणीच्या हातून तिनंच घेतलं होतं. माझ्या आधी तिनं पाहिलं होतं, आणि मला पाहू दिलं नव्हतं.

कोजागरी जवळ आली तशी मला नवीनच धास्ती लागली. त्या दिवशी भुलाबाई सासरी जाते. इतके दिवस सगळं तिच्या नावावर चाललेलं, डोंगर तिचा, नदी तिची, बाळंतिणीची खोली तिची. ती गेल्यावर ही खोली कोणाची? शेतात बोंडं फुटायला लागली होती. बा दारात येऊन एकदा विचारून गेला, ''कापूस कुठं टाकाचा यंदा?'' माय तशीच चुलीकडे वळली. मी पोरीला घट्ट धरून भिंतीकडे बघत राहिले. कापूस आला की त्याखाली सातपुडा जाणार, आणि पोर कुठं जाणार ते कोणी सांगत नव्हतं.

कोजागरीला बानं शेतातून जोंधळ्याची कणसांसकट पाच ताटं आणली. बहिणीनं ती एकत्र बांधून भुलाबाईवर मखर उभं केलं. संध्याकाळी चांदणं अंगणात उतरलं आणि सगळ्या गल्लीच्या मुली आल्या. सोयर फिटलं होतं, त्यामुळे त्या पुन्हा खोलीत, अंगाला अंग लागून दाटीवाटीनं बसल्या. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. शेवटचा दिवस म्हणून घसे बसेपर्यंत म्हटली. पोरीला मायनं मघाशीच तेल लावायला म्हणून बाहेर नेलं होतं. मी बाजेवर बसून होते, भुलाबाई निघाली म्हणून डोळ्यांत पाणी येत होतं.

माय आली. तिच्या हातात डबा नव्हता. दोन्ही हातांवर सूप होतं, आणि सुपावर कापड झाकलेलं. कोऱ्या खणाचं कापड, तांबडं, घडीच्या रेघासुद्धा न मोडलेलं. ते घरात कधी आलं होतं मला माहीत नव्हतं. तिनं सूप भुलाबाईपुढं ठेवलं आणि त्याच्याजवळ मांडी घालून बसली.

''ओळखा,'' माय म्हणाली.

''गोड का तिखट?'' मुलींनी विचारलं.

माय काही बोलेना.

''खारट का आंबट?''

तरी नाही. मग नेहमीप्रमाणे सगळ्या एका सुरात ओरडल्या, ''चाखून सांगा!''

माय सुपाजवळ सरकली. तिनं खणाचं एक टोक उचललं. वाकली. पहिल्यांदा आत बघितलं, आणि बघतच राहिली. मग तिनं आणखी खाली वाकून ओठ टेकवले, आणि वर आली तेव्हा तिचा चेहरा भिजलेला होता.

''गोड,'' ती म्हणाली. ''लई गोड.''

''साखर!'' कोणी ओरडलं. ''बत्तासे!'' ''खोबऱ्याची बर्फी!'' बहिणीला एव्हाना कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, बोलू का नको म्हणून. सुपातून बारीकसा कुरकुरण्याचा आवाज आला.

''बाळ!'' बहीण म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिनं तोंडावर हात ठेवला.

''हाव,'' माय म्हणाली. ''बाळ.''

त्या रात्री भुलाबाई सासरी गेली. दुसऱ्या दिवशी माय सकाळी उठली, मधल्या खोलीची कडी काढली, खोली झाडली, आणि बाला म्हणाली, कापूस इथं टाका.